सिलिंगचं काय करावं? उंची साडेनऊ फूट, त्यात आडवा बीम

सांजसावली:

नमस्कार मंडळी. घराचं काम काढलंय. फरशी ठरली, वायरिंग ठरलं, आता गाडी सिलिंगपाशी अडकली आहे. बैठकीची खोली १४ बाय ११ फूट, फरशी बसल्यावर उंची साडेनऊ. त्यात एक बीम आडवा गेलाय, स्लॅबच्या खाली सव्वा फूट तरी लोंबतो.

कॉन्ट्रॅक्टरने मोबाइलवर ढीगभर फोटो दाखवले. तीन-तीन पायऱ्या, मधे पाकळ्यांचा आकार, कडेने निळे-जांभळे दिवे. बघताना बरं वाटतं, पण आपल्या खोलीत ते उतरेल का, हे काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. नवरा म्हणतो, सरळ पांढरा रंग मारा आणि मोकळे व्हा. सासूबाईंना झुंबर हवंय. मला लाकूड आवडतं, पण वरून अंगावर येईल की काय अशी धास्ती आहे. पंखा हवाच, त्यात तडजोड नाही.

कल्पना सुचवा. काय करू नये तेही सांगा, खरं तर तेच आधी सांगा.

---

खटपट्या:

आधी हिशोब, मग डिझाइन. साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच. साधं सपाट जिप्सम सिलिंग, म्हणजे स्लॅबच्या खाली टांगलेलं बोर्डाचं खोटं छत, फ्रेम आणि बोर्ड धरून ४ इंच खातं, स्पॉटलाइट आणि वायरिंगला जागा हवी म्हणून ६ धरा. उरले १०८. पंख्याची पाती सिलिंगपासून १० ते १२ इंच खाली असली की वारा नीट सुटतो. म्हणजे पाती जमिनीपासून आठ फुटांवर. उत्तम.

आता कोणीतरी तुम्हाला सांगेल की सगळं सिलिंग बीमच्या खालच्या कडेला आणा, बीम दिसणारच नाही. मग करा वजाबाकी. बीमचे १५ इंच गेले, वर बोर्डाचा एखाद-दुसरा इंच गेला, सिलिंग आलं ९८ इंचांवर आणि पाती ८८ वर. सव्वासात फूट. उंच माणसाने उभ्या-उभ्या शर्ट काढायला हात वर नेले तर बोटं पात्यात. एक बीम लपवायला अख्ख्या खोलीची उंची घालवू नका.

बीम भिंतीपासून नेमका किती अंतरावर आहे ते सांगा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

---

रिकामटेकडा:

नवऱ्याला माझं अनुमोदन. काहीच करू नका. :)

गंमत सोडा, पण ते फोटो पुन्हा एकदा नीट बघा. एकातही पंखा नसतो. एसीचा पाइप नसतो, पडद्याचा रॉड नसतो, वरच्या कोपऱ्यात राउटर नसतो. कॅमेरा कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवून रुंद लेन्सने काढलेले असतात, त्यामुळे सिलिंग मैदानाएवढं दिसतं. अर्धे तर फोटोच नसतात, संगणकावर रंगवलेली चित्रं असतात. आपण खोलीत शिरतो तेव्हा नजर समोर असते, सिलिंग कडेकडेने जाणवतं तेवढंच. सिलिंगकडे खरंच टक लावून बघतो ते फक्त आडवं पडल्यावर. त्यामुळे बेडरूमचं सिलिंग ठरवायचं असेल तर गादी टाकून झोपून ठरवा.

---

चुनखडी:

बीम लपवण्यापेक्षा त्याला जोडीदार द्या, असं मी सुचवेन. एका बाजूला खरा बीम आहे, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर बोर्डाचा पोकळ खोटा बीम. हवं तर मधून आडवे दोन. झाली चौकटी-चौकटींची रचना. अडचण होती तिचीच नक्षी होते.

ही युक्ती आजची नाही. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाला आतून चौकटींच्या पाच रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत २८ चौकटी. दुसऱ्या शतकातलं बांधकाम. तिथे त्या खोलगट चौकटींमुळे काँक्रीटचं वजनही घटलं, आपल्याकडे वजनाचा प्रश्न नाही, नुसता खोलगटपणा दिसला की झालं. घराला ३-४ इंचांचा खोलगटपणा पुरतो. चौकट मात्र तीन फुटांपेक्षा लहान करू नका, वर जाळी ठोकल्यासारखं दिसतं.

आणि लाकूड हवंय ना? मग फक्त बीमलाच व्हिनीअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, लावा. बाकी सिलिंग पांढरं. अंगावर येणार नाही.

---

सांजसावली:

वा, धाग्याने वेग घेतला! खटपट्या, मोजून आले. १४ फुटांच्या लांबीत बीम एका भिंतीपासून ५ फुटांवर आहे. त्या छोट्या बाजूला जेवणाचं टेबल येणार आहे, मोठ्या बाजूला सोफा आणि टीव्ही.

चुनखडी, बीमला जोडीदार ही कल्पना फारच आवडली.

---

खटपट्या:

चुनखडीताई, कल्पना सुरेख आहे पण इथे बसत नाही. मापं बघा. एका टोकापासून ५ फुटांवर खरा बीम, दुसऱ्या टोकापासून ५ फुटांवर खोटा. मधे उरले ४ फूट, त्यातून बीमच्या रुंद्या वजा. नेहमीच्या पंख्याचा घेर १२०० मिमी, म्हणजे तोच ४ फूट. मधल्या चौकटीत पंखा फिरणारच नाही. रॉड लांब करून पाती वारा सुटेल इतकी बीमच्या खाली आणली तर पुन्हा तेच सव्वासात फुटांचं दुखणं.

आणि चौकटीत पंखा मावला तरी प्रश्न संपत नाही. पंखा वरून हवा ओढतो आणि खाली ढकलतो. चारी बाजूंनी कडा असलेल्या खोलगट जागेत पाती अडकली की आवाज जास्त, वारा कमी. पात्यांच्या टोकापासून कुठल्याही कडेला दोन फूट तरी मोकळे हवेत.

माझं मत: निसर्गाने, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरने, तुम्हाला खोलीची वाटणी करून दिली आहे. ती घ्या. बीमपलीकडचे ५ फूट जेवणाचे, अलीकडचे ९ फूट बैठकीचे. दोन भागांना दोन वेगळी सिलिंग. पंखा मोठ्या भागात, झुंबर छोट्या भागात. सासूबाई खूश.

---

उजेडवाली:

झुंबराबद्दल खटपट्यांशी सहमत. माणसं खालून चालणार असतील तर झुंबराचा तळ निदान सात फुटांवर हवा. म्हणजे बैठकीच्या मधोमध तुम्हाला वरून फक्त अडीच फूट मिळाले असते आणि शेजारी पंखा, म्हणजे ते दिवसभर झुलत बसलं असतं. टेबलावर मात्र कोणी चालत नाही. तिथे टेबलाच्या पृष्ठभागापासून ३०-३४ इंच वरपर्यंत खाली आणता येतं. समोरासमोर बसलेल्यांचे चेहरे दिसतात, बल्ब डोळ्यात जात नाही. वजन कितीही कमी असलं तरी ते स्लॅबच्या हुकालाच टांगा. बोर्डाला नाही, बोर्डाच्या फ्रेमलाही नाही. पंख्यालाही हाच नियम.

आता दिव्यांकडे येते, कारण लोक आकारावर महिनाभर भांडतात आणि दिवे शेवटच्या दिवशी इलेक्ट्रिशियनवर सोपवतात. सिलिंगची शोभा निम्म्याहून जास्त उजेडात असते.

मोठ्या भागात कोव्ह, म्हणजे आत एलईडीची पट्टी लपवून वर उजेड टाकणारी कडेची खोबण, करायची तर चारी बाजूंना करू नका, दोन समोरासमोरच्या बाजू पुरेत. कोव्हच्या ओठापासून वरच्या सिलिंगपर्यंत निदान ५-६ इंच मोकळे ठेवा. त्याहून कमी ठेवलं की उजेड पसरत नाही, पट्टीच्या डोक्यावर एक झगझगीत रेघ उमटते आणि बाकी सिलिंग काळवंडलेलं. पट्टी ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये बसवा, उष्णता निघून जाते आणि पट्टी टिकते. १२ व्होल्टची पट्टी ५ मीटरच्या पुढे सलग ओढली तर शेवटचं टोक मंद पडतं. लांबी जास्त असेल तर २४ व्होल्ट घ्या किंवा दोन्ही टोकांना वीज द्या.

रंगाचं म्हणाल तर बसण्या-झोपण्याच्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). ४००० केल्विन कामाच्या टेबलावर ठीक. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, त्यात घरातली माणसं आजारी दिसतात. एका खोलीत दोन-तीन वेगळे रंग मिसळू नका. जांभळ्या-निळ्या पट्टीबद्दल मी गप्प बसते. :)

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. पंख्याच्या पात्यांच्या वर, घेराच्या आत, स्पॉटलाइट देऊ नका. पंखा चालू झाला की प्रत्येक पातं उजेड कापत जातं आणि अख्खी खोली लुकलुकायला लागते. पुस्तक उघडून बसलं की दहा मिनिटांत डोकं चढतं. पंख्याच्या केंद्रापासून दोन फूट त्याचा घेर, दिवे त्याच्या बरेच बाहेर ठेवा. पलंगावर उशीच्या बरोब्बर वरही नको, झोपलेल्या माणसाच्या डोळ्यात सरळ जातो.

---

चुनखडी:

खटपट्या, पंख्याच्या घेरापुढे चौकटी हरल्या, मान्य. पण चौकटी रंगानेही पाडता येतात! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याचं छत आठवा. दगड सपाटच, पण चित्रकारांनी रंगाने चौकोन पाडले आणि प्रत्येकात फुलं, फळं, प्राणी भरले. उंची एक इंचही गेली नाही.

आपण एवढं नाही करणार, पण कडेपासून फूटभर आत चार बोटं रुंदीची एक रंगीत पट्टी, भिंतीच्याच रंगाची दोन छटा गडद, एवढ्यानेसुद्धा खोली आवरल्यासारखी दिसते. मास्किंग टेप लावून रंगारी अर्ध्या दिवसात करतो. टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढायला सांगा, पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेचा रंग सालपटासारखा निघतो.

रंग कुठलाही असो, सिलिंगला मॅटच. चकचकीत रंगात स्लॅबची प्रत्येक लाट दिसते आणि कोव्हमधल्या एलईडीचे ठिपके आरशासारखे मोजता येतात.

---

भाडेकरू_क्रमांक_एक:

आमच्यासारख्यांनी काय करावं? घर भाड्याचं, मालक खिळाही ठोकू देत नाही.

---

रिकामटेकडा:

मालकाला झुंबर भेट द्या.

---

चुनखडी:

रंगाची परवानगी मिळत असेल तर वर लिहिलेली पट्टी. नाहीतर जिथे दिव्याचा पॉइंट आहे तिथे मोठा कागदी किंवा कापडी लॅम्पशेड, त्याच्या सावल्यांनीच सिलिंग सजतं. उभा दिवा कोपऱ्यात ठेवून त्याचा झोत वर सोडा. थर्माकोलच्या चिकटवायच्या टाइल्स आणि गोल नक्षी मिळतात, त्या मात्र टाळा. पेट घेतात आणि वितळून खाली टपकतात. तेच नक्षीकाम पीओपीमध्ये (प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये) हवं तर स्वतःचं घर झाल्यावर.

---

सांजसावली:

पीओपीचा विषय निघालाच आहे तर विचारते. पीओपी की जिप्सम बोर्ड? दोन कारागिरांनी दोन टोकाची मतं दिली. पीओपीवाला म्हणतो बोर्डाचे जोड फुटतात, बोर्डवाला म्हणतो पीओपी जुनं झालं.

---

खटपट्या:

ज्याच्या हातात जे काम तो तेच चांगलं म्हणणार.

मुळात दोन्ही एकाच खनिजातून येतात. जिप्सम साधारण १५० अंशांपर्यंत तापवलं की त्यातलं तीनचतुर्थांश पाणी उडतं, उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातलं की ते परत जिप्सम होऊन दगडासारखं बसतं. बोर्डात हेच जिप्सम कारखान्यात दोन कागदांच्या मधे दाबलेलं असतं. जिप्समच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी असतं, म्हणून आग लागली की ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत ते तग धरतं. दोन्हींचा हा गुण सारखाच.

फरक कामात आहे. सरळ रेषा, सपाट पृष्ठभाग, स्पॉटलाइट: बोर्ड. १२.५ मिमीचा बोर्ड घ्या. घरात राडा कमी, वाळायला थांबावं लागत नाही. गोलाई, वेलबुट्टी, जाड कॉर्निस (भिंत आणि सिलिंगच्या सांध्यावरची नक्षीची पट्टी), झुंबराभोवतीची नक्षी: पीओपी. ते जागेवर हाताने ओढलं जातं, सांधा दिसत नाही. पण ओलं काम आहे. पूर्ण वाळायच्या आत रंग दिला तर डाग उमटतात आणि कारागीर अर्धवट असला तर पृष्ठभाग लाटा मारतो.

बोर्डाचे जोड फुटतात ते बोर्डाच्या दोषाने क्वचितच. काम चालू असताना शिडीवर चढून स्वतः बघा. बोर्ड ज्या पट्ट्यांना स्क्रू करतात त्या दीड फुटावर आहेत का? पैसे वाचवायला दोन फुटांवर नेतात आणि मग बोर्ड मधे पोट सोडतो. आजूबाजूच्या दोन बोर्डांचे आडवे जोड एका रेषेत आलेत का? येता कामा नयेत, विटांसारखे मागेपुढे हवेत. प्रत्येक जोडावर टेप लावून मगच जॉइंटिंग कंपाउंड भरलंय की नुसती पुट्टी फासली आहे? नुसती पुट्टी म्हणजे हमखास तडा. आणि स्क्रूचं डोकं कागद फाडून आत गेलं असेल तर तो स्क्रू काही धरत नाही, शेजारी दुसरा मारायला लावा.

---

उजेडवाली:

यात एक भर. कोव्हचा उजेड सिलिंगवर तिरका घासत जातो, म्हणून दिवसा न दिसणारी प्रत्येक चूक रात्री दिसते. शेवटचा रंग देण्याआधी अंधारात कोव्ह पेटवून, किंवा नुसता टॉर्च सिलिंगला समांतर धरून, बघा. जिथे सावली पडेल तिथे पुट्टी आणि घासकाम. रंग झाल्यावर काही करता येत नाही.

---

वरचामजला:

सगळे शोभेवर बोलताहेत म्हणून मी रंगाचा बेरंग करतो. सिलिंग बंद करण्याआधी वर काय आहे ते बघितलंत का? वर गच्ची किंवा कोणाचं बाथरूम असेल तर आधी पाणी साठवून तपासा. गच्चीवर बांध घालून दोन-तीन दिवस पाणी उभं ठेवा आणि खालून स्लॅबवर ओल येते का पाहा. गळती असताना वरून बोर्ड मारला तर पाणी फ्रेमवरून वाहत भलतीकडेच टपकतं आणि मूळ जागा सापडता सापडत नाही. हिरव्या कागदाचा ओलाव्याला तोंड देणारा बोर्ड मिळतो, तो बाथरूमच्या वाफेसाठी. गळतीवर तो इलाज नाही.

शेवटचा मजला असेल तर बोर्डाच्या वर रॉकवूलचा, म्हणजे दगडी लोकरीचा, थर टाका, उष्णता बरीच अडते. वरच्यांच्या पावलांचा आवाज मात्र नुसत्या फॉल्स सिलिंगने जात नाही, उलट रिकाम्या पोकळीत कधीकधी घुमतो. त्याला लोकर, जाड बोर्ड आणि फ्रेम टांगायचे रबरी हँगर असं सगळं मिळून लागतं.

---

रिकामटेकडा:

ते ताणून बसवायचं प्लास्टिकचं सिलिंग कसं असतं? आरशासारखं चकाकणारं.

---

वरचामजला:

स्ट्रेच सिलिंग. कागदाइतका पातळ पीव्हीसीचा पडदा गरम हवेने सैल करतात आणि कडेच्या पट्टीत खोचतात, थंड झाला की ताठ. जेमतेम इंच-दीड इंच उंची खातं. वरून पाणी आलं तर गळत नाही, मधे पाण्याच्या फुग्यासारखं लोंबतं आणि कारागीर येऊन ते काढून देतो. टोकदार वस्तूपासून मात्र जपायचं. मला घरात ती चकाकी सहन होत नाही, पण मॅटही मिळतं.

---

सांजसावली:

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात चर्चा होऊन असं ठरतंय: बीमच्या तिन्ही बाजूंना सागाचं व्हिनीअर. मोठ्या भागात सपाट पांढरं सिलिंग, लांबीच्या दोन बाजूंना कोव्ह, मधे पंखा. टेबलाच्या भागात लाकडी पट्ट्या आणि झुंबर. बेडरूमला फॉल्स सिलिंगच नाही, फक्त रंगाची पट्टी, म्हणजे नवऱ्याचंही ऐकल्यासारखं होईल.

दोन शंका. लाकडी पट्ट्या आणि व्हिनीअरचा बीम शेजारी-शेजारी म्हणजे जास्त तर होणार नाही? आणि कॉन्ट्रॅक्टर विचारतोय की पडद्याचं काय, तर पडद्याचा सिलिंगशी काय संबंध?

---

चुनखडी:

जास्त होईल. दोन्हींपैकी एक. बीम लाकडाचा ठेवणार असाल तर टेबलाच्या भागात पट्ट्या नकोत, तिथे भिंतीचाच रंग सिलिंगवर चढवा. खालचा झुंबराचा पिवळा उजेड त्या रंगावर पसरला की भाग आपोआप वेगळा दिसतो. पट्ट्याच हव्या असतील तर बीम पांढरा. त्या वेळी पट्ट्यांच्या मागचा भाग काळा रंगवून घ्या, नाहीतर फटींतून फ्रेम दिसते. आणि टोकाशी भिंतीला थोडी जागा सोडा, लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं.

---

खटपट्या:

कॉन्ट्रॅक्टरने पडद्याचं विचारलं म्हणजे माणूस कामाचा आहे. खिडकीच्या भिंतीलगत सिलिंग ६ ते ८ इंच आधीच थांबवायचं, त्या खोबणीत पडद्याची पट्टी जाते आणि पडदा थेट वरून पडतो. दोन पदरी पडदे असतील तर ८ इंच. हे आत्ता सांगितलं नाही तर सिलिंग भिंतीपर्यंत जातं, आणि मग रॉड बोर्डाला मारायची वेळ येते. बोर्डाला पडद्याचं वजन पेलत नाही. पट्टीसाठी खोबणीत वर प्लायचा पट्टा ठोकून घ्या.

तसंच एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणाऱ्या डब्या, कुठे बसणार ते ठरवा. ड्रायव्हर पट्टीच्या आधी खराब होतो. तो बोर्डाच्या आत कायमचा गाडला तर एवढ्याशा डबीसाठी सिलिंग कापावं लागतं. कोव्हच्या कडेवर हात पोचेल असा ठेवा, किंवा छोटं झाकण करून घ्या. एसीच्या ड्रेन पाइपलाही उतार आणि जोडाखाली झाकण.

आणि बोर्ड चढवायच्या आदल्या दिवशी मोजपट्टी भिंतीला लावून उघड्या फ्रेमचे आणि वायरिंगचे फोटो काढा. मोजपट्टीवरचे आकडे वाचता यायला हवेत. एक भिंत एक फोटो, आणि चार फोटो स्लॅबकडे बघत. पुढे कोणी नवीन दिव्यासाठी भोक पाडायला येईल तेव्हा त्याला आधी हे दाखवायचे.

---

सांजसावली:

बीम लाकडाचा, पट्ट्या बाद. पडद्याची खोबण ८ इंच, आजच सांगते. उजेडवाली, एकच राहिलं: कोव्ह, स्पॉट आणि झुंबर तिन्ही वेगवेगळ्या बटणांवर घ्यायचे ना?

---

उजेडवाली:

हो, तिन्ही वेगळी. कोव्ह आणि झुंबराला डिमर, पण डिमर चालणारा ड्रायव्हर आणि डिमर चालणारेच बल्ब मागून घ्या. साध्यावर डिमर लावला तर मंद करताच ते फडफडतात. सोफ्यावर बसून पोचेल असं एक बटण कोव्हसाठी द्या.